पणाला लागलेला मुखवटा

मेक्सिकोतील मुखवटाधारी वीरांची गोष्ट मी आखाड्याऐवजी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानातून सुरू करतो. साल्वादोर लुत्तेरोत यांनी 1933 मध्ये मेक्सिको सिटीत व्यावसायिक कुस्तीची संस्था उभी केली आणि पुढच्याच वर्षी सिक्लोन मॅकी नावाचा अमेरिकी मल्ल आंतोनियो मार्तीनेस या कारागिराकडे मुखवटा मागायला गेला. चामडे बुटासारखे मापून शिवायचे ठरले, म्हणून डोक्याची सतरा मापे घेतली गेली, असे सांगतात. पहिला मुखवटा काही नीट बसला नाही. पण मार्तीनेस यांनी काम सोडले नाही, आणि पुढे हाच त्यांच्या घराण्याचा धंदा झाला.

‘लुचा लिब्रे’ या मेक्सिकन व्यावसायिक कुस्तीत ‘टेक्निको’ नियमाने लढतात आणि ‘रुडो’ नियम धाब्यावर बसवतात, एवढे आपल्या कामाला पुरे. खरी गंमत पैजेच्या लढतीत आहे. ‘मुखवटा विरुद्ध मुखवटा’ असा सामना ठरला की हरणाऱ्याला भर आखाड्यात मुखवटा उतरवून आपले नाव सांगावे लागते, आणि त्या दिवसापासून त्याचे गूढ कायमचे संपते. मुखवटा चेहरा झाकण्यासाठी असतो ही आपली समजूत इथे अपुरी पडते. जो कधीही पणाला लागू शकतो, तोच तिथे मल्लाचा खरा चेहरा ठरतो.

एल सांतो, म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता, हा चेहरा कधीच हरला नाही. 1942 मध्ये चंदेरी मुखवटा चढवून उतरलेला हा मल्ल सुरुवातीला रुडो होता, हे त्याच्या चाहत्यांनाही कधीकधी आठवत नाही. 1952 मध्ये त्याने ब्लॅक शॅडोचा मुखवटा उतरवला, आणि पराभूताचा जोडीदार ब्लू डेमन त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी झाला. त्याच वर्षी होसे क्रूस यांची सांतोवरची चित्रकथा निघाली, पुढे त्याचे पन्नासच्या वर चित्रपट झाले, आणि पडद्यावर तो रक्तपिपासू स्त्रियांशी लढला तेव्हाही मुखवटा जागच्या जागी होता. (कथानके बेतास बात, पण ती पाहायला कोण जात होते?) जानेवारी 1984 मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात त्याने मुखवटा किंचित वर सरकवला, अर्धवट चेहरा दाखवला. 5 फेब्रुवारीला तो गेला आणि मुखवट्यासहच त्याचे दफन झाले.

हीच परंपरा पुढे रस्त्यावर आली. 1985 च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत बेघरांचा आणि भाडेकरूंचा प्रश्न पेटला, आणि 1987 मध्ये लाल-पिवळ्या वेशातला सुपरबारियो भाडेकरूंच्या बाजूने उभा राहिला. सामान घराबाहेर फेकले जात असताना तो दारात येई, मोर्च्यात पुढे चाले, अधिकाऱ्यांसमोर बैठकीला बसे, आणि मुखवटा मात्र काढत नसे.