दापितानचं पाणी

[पहाट. समुद्रकिनारा, होड्या, मागे हिरवा डोंगर.]

मिंदानाओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे दापितान.

होसे रिझाल यांचा पुतळा नाही असं गाव फिलिपिन्समध्ये शोधावंच लागेल. बरेचसे पुतळे एकाच साच्यातले. अंगात युरोपातला जाड ओव्हरकोट, हातात पुस्तक. देश बारमाही उकाड्याचा आणि राष्ट्रपुरुष मात्र कायम थंडीत उभा! दापितानकरांनी त्यांना पाहिलं ते होडीतून गावात येताना, दारात रांग लावलेले रोगी तपासताना आणि पोरांना घेऊन डोंगर धुंडाळताना.

१९५६च्या कायद्यानं फिलिपिन्सच्या शाळा-कॉलेजांत रिझाल यांचं चरित्र सक्तीचं झालं. त्या चरित्राची दोन टोकं सगळ्यांना पाठ असतात. एकीकडे स्पेनच्या राजवटीवर टीका करणारी, १८८७ साली बर्लिनमध्ये छापलेली ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी, दुसरीकडे त्यांना गोळ्या घातल्या ती ३० डिसेंबर १८९६ची सकाळ. मधली दापितानची चार वर्षं बहुधा एका परिच्छेदात उरकली जातात. आमचा कॅमेरा त्या परिच्छेदात फिरून आला आहे.

[किनाऱ्यावरचं स्मारक. पायउतार होण्याची जागा.]

१७ जुलै १८९२ची संध्याकाळ. ‘सेबू’ नावाची बोट या किनाऱ्याला लागली. बोटीत ३१ वर्षांचा कैदी. त्याच्यावर खटला चाललेला नव्हता, शिक्षा सुनावलेली नव्हती. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं आणि तिथले स्पॅनिश गव्हर्नर जनरल देस्पुहोल यांच्या हुकमावर हद्दपारी झाली होती.

तीनच आठवड्यांपूर्वी रिझाल हाँगकाँगहून मनिलाला परतले होते. ३ जुलैला तोंदो वस्तीतल्या एका घरात त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संघटना काढली आणि ६ तारखेला त्यांना अटक झाली. या लिगाची घटना वाचली तर बंडाची भाषा सापडत नाही. अडल्यानडल्याला एकमेकांना मदत करायची, शिक्षण, शेती आणि व्यापार वाढवायचा, सभासदांकडून महिन्याला १० सेंताव्हो वर्गणी घ्यायची. त्या पैशातून गरीब पण हुशार मुलाला शिकवायचं, गरजूला भांडवल द्यायचं, स्वस्त मालाची दुकानं काढायची.

हा कागद लक्षात ठेवा. मनिलात तो चार दिवसही टिकला नाही. दापितानमध्ये मात्र त्यातलं एकेक कलम जमिनीवर उतरलेलं दिसतं, आणि तेही पोलिसी पहाऱ्यात.

[जुना चर्च, समोरचा चौक.]

राहण्याची सोय आधी चर्चच्या आवारात होणार होती. पाद्री ओबाक यांच्या अटी होत्या : धर्माविषयीची मतं जाहीरपणे मागे घ्या, पापांची कबुली द्या, स्पेनचे निष्ठावंत प्रजाजन म्हणून वागा. रिझाल यांनी नकार दिला आणि ते लष्करी अधिकारी कप्तान रिकार्दो कार्निसेरो यांच्या घरी राहिले. पहारेकरी आणि कैदी एका छपराखाली! दोघांचं इतकं जमलं की तिसऱ्या एकाला सोबत घेऊन त्यांनी लॉटरीचं तिकीट काढलं. क्रमांक ९७३६. सप्टेंबरमध्ये टपालाची बोट बातमी घेऊन आली, २०,००० पेसोंचं दुसरं बक्षीस लागलं होतं. रिझाल यांच्या वाट्याला ६,२०० पेसो आले.

त्यातले २,००० वडिलांना, २०० हाँगकाँगच्या मित्राला. उरलेल्या पैशातून त्यांनी गावापासून साधारण किलोमीटरभर अंतरावर, तालिसाय इथे, समुद्रालगत जमीन घेतली. पुढे ती वाढत वाढत ७० हेक्टरपर्यंत गेली.

[तालिसाय. बांबू आणि निपाच्या पानांनी शाकारलेल्या झोपड्या.]

आज दिसतात त्या झोपड्या जुन्या नमुन्यावर पुन्हा उभारलेल्या आहेत. चौकोनी घर रिझाल आणि कुटुंबाचं. अष्टकोनी घर शिकायला आलेल्या मुलांचं. षट्कोनी घरात कोंबड्या. हे वर्णन त्यांनीच ऑस्ट्रियातले विद्वान स्नेही ब्लुमेंट्रिट यांना १८९३च्या डिसेंबरमध्ये पत्रातून कळवलं होतं. दिनक्रमही त्यात आहे. पाचला उठायचं, झाडं बघायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे. साडेसातला न्याहारी. मग दारात आलेले गरीब रोगी, त्यानंतर होडीनं गावात जाऊन तिथले रोगी. बाराला परत. दुपारी मुलांचा वर्ग, चारनंतर शेती, रात्री वाचन.

[डोंगरातला ओढा. पाण्याचा आवाज वाढत जातो.]

आता पाणी. यासाठीच आम्ही नदीपलीकडच्या या डोंगरात चढलो.

दापितानला समुद्र आहे, नदी आहे, पण समुद्रालगतच्या गावाची गोड्या पाण्याची अडचण कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. हा बारका ओढा डोंगरातून बारमाही वाहतो. रिझाल यांनी तो अडवून गावात आणायचं ठरवलं. सरकारी अनुदान नव्हतं. मजूर म्हणजे शाळेतली मुलं आणि गावकरी. जेझुइट पाद्री मदतीला आले. आणि या माणसाचं एक जुनं शिक्षण उपयोगी पडलं. मनिलाच्या आतेनेओ या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्यांनी भूमापनाचा अभ्यासक्रम केला होता. परीक्षा १८७८मध्येच पास झाले, पण वय कमी पडत असल्यामुळे दाखला मिळाला १८८१मध्ये. डॉक्टर होण्याआधी ते मोजणीदार झाले होते.

गुरुत्वाकर्षणावर पाणी आणायचं तर सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला की पाणी वेगानं धावतं आणि नळाचे सांधे उकरून काढतं. कमी झाला की गाळ तळाशी बसतो आणि नळ तुंबतो. म्हणून ओढ्यावर आधी बुटका दगडी बांध घालायचा, पाणी थोडं निवळू द्यायचं, मगच पुढे सोडायचं. मधे कुठेही खळगा राहता कामा नये. तिथे पाणी साचतं, आणि त्या दाबाला सांधा टिकत नाही. इथला नळमार्ग डोंगराच्या कडेकडेनं, वळणं घेत उतरतो. सरळ रेषेत आला असता तर लांबी निम्म्यावर आली असती असं बघणाऱ्याला वाटतं. वळणांचं कारण पुढे येईलच.

नळाच्या तळाला घरांच्या छपरांवरची पन्हळी कौलं, वरून चुन्याचं काँक्रीट. चुना कशाचा? डोंगरात चुनखडी शोधत बसायची गरज नव्हती, किनाऱ्यावर पोवळ्याचा दगड पडला होता.

[हातात पोवळ्याचा तुकडा. मग भट्टीच्या धुराचं दृश्य.]

पोवळं म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडीच. भट्टीत लाकडाचा एक थर, पोवळ्याच्या तुकड्यांचा एक थर, असं रचत जायचं. तुकडे मुठीएवढे हवेत. मोठे राहिले तर बाहेरून भाजतात आणि आत कच्चे राहतात. ती कच्ची गाठ पुढे चुन्यात मिसळत नाही, खड्यासारखी राहते. साधारण ९०० अंशांच्या आसपास भाजलं की कळीचा चुना तयार. त्यावर पाणी टाकायचं ते बेतानं, कारण चुना उकळी फुटल्यासारखा फसफसतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. विझवल्यावर त्याला मुरू द्यायचं. घाई केली तर न विझलेले कण नंतर सांध्यात फुगतात आणि तडा जातो.

आणखी एक गोम आहे. नुसता चुना पाण्याखाली धरत नाही, त्याला हवा लागते. आपल्याकडचे जुने गवंडी विटांची पूड, म्हणजे सुर्खी मिसळायचे ते याचसाठी. नळाचे सांधे पुरते सुकायच्या आत पाणी सोडलं की सगळी मेहनत वाहून जाते.

चुन्याचा रिझाल यांनी धंदाही केला. मे १८९३मध्ये दापितानचे व्यापारी रामोन कार्रेओन यांच्याशी भागीदारी करून त्यांनी भट्टी चालवली. महिन्याला ४०० पोत्यांहून जास्त चुना काढण्याची तिची ताकद. विटा पाडायचं लाकडी यंत्रही त्यांनी बनवलं होतं, दिवसाला ६,००० विटा पाडणारं.

[संध्याकाळ. रस्त्यावरचे दिवे लागतात.]

रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट याला जोडूनच. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर. पॅरिसला डॉ. द वेकर, हायडेलबर्गला डॉ. बेकर, अशा नामांकित नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली शिकलेले. गरिबाकडून फी नाही, श्रीमंताकडून घ्यायची. एका इंग्रज रोग्यानं ५०० पेसो दिले, ते त्यांनी गावात खोबरेल तेलाचे दिवे लावायला देऊन टाकले. पाणी असो की दिवा, पैसा एका हातानं येतो आणि दुसऱ्या हातानं गावाला जातो, असा हा हिशेब.

शस्त्रक्रियेतलं एक अपयश सांगायलाच हवं. १८९३च्या ऑगस्टमध्ये आई दोन्या तेओदोरा इथे आल्या आणि मुलानं त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. त्या काळी बुबुळाच्या कडेला छेद देऊन गढूळ झालेलं भिंग बाहेर काढत. जखमेला सहसा टाके नसत. पापणी बंद ठेवून, पट्टी बांधून, रोग्यानं दिवसेंदिवस निश्चल पडून राहायचं, जखम आपली आपण सांधायची. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आईनं पट्टी काढली आणि डोळा पिकला. डॉक्टरनं घरच्या माणसांवर उपचार का करू नयेत ते आता कळलं, असं रिझाल यांनी मेव्हण्याला लिहिलं. परका रोगी डॉक्टरचं ऐकतो. आई ऐकत नाही.

[चर्चसमोरचा, जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, वरून घेतलेलं दृश्य.]

चौकात हिरवळीवर पसरलेलं हे मिंदानाओ बेट. माती, दगड आणि गवत वापरून रिझाल आणि त्यांचे आतेनेओमधले जुने शिक्षक फादर सांचेझ यांनी हा नकाशा केला. इतिहास-भूगोल शिकवायला. डोंगर कुठे, आखात कुठे, मुलानं त्याभोवती चालत जाऊन बघायचं. असा नकाशा एकदा करून भागत नाही. गवत वाढलं की किनारे बुजतात, पावसानं उंचवटे खचतात. तो अजून आहे याचा अर्थ सव्वाशेहून जास्त वर्षं कुणीतरी त्याची निगा राखली आहे.

शाळा तीन मुलांवर सुरू झाली, सोळावर गेली, पुढे एकवीस. त्यातले सोळा जण फी देत नव्हते. फीच्या बदल्यात बागेत, शेतात, बांधकामावर काम. मघाचे नळ टाकणारे हात तेच. दुपारी दोन ते चार वर्ग : स्पॅनिश, इंग्रजी, गणित, भूमिती. वर्गाबाहेर पोहणं, काठीचे हात, मुष्टियुद्ध, होडी, किडे-शिंपले गोळा करणं. बाकावर पहिला बसणारा हुशार मुलगा ‘सम्राट’, कच्चा मुलगा शेवटच्या टोकाला. जेझुइट शाळेतून उचललेली ही पद्धत. आज कुठल्याही पालकाला ती आवडणार नाही, आणि न आवडलेलीच बरी.

पोरांनी गोळा केलेले नमुने जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयाकडे जायचे, बदल्यात पुस्तकं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं यायची. एक उडता सरडा, एक बेडूक आणि एक भुंगेरा यांना शास्त्रज्ञांनी ‘रिझाली’ हे नाव दिलं.

[आबाकाची बाग. धागा ओढणारे हात.]

हे झाड केळीसारखं दिसतं, कारण ते केळीच्याच कुळातलं. आबाका. एकेकाळी जगभरच्या जहाजांवर असायचा तो मनिला दोर याचाच. फुलोऱ्याच्या सुमारास खोड तोडतात, सोपटं सुटी करतात, त्यांच्या पट्ट्या काढून पात्याखालून जोरानं ओढतात. गर मागे राहतो, धागा हातात येतो. खोड तोडून पडू दिलं तर धागा डागाळतो. वाळवताना पाऊस लागला तर काळपट होतो. भाव रंगावर ठरतो, म्हणजे एका सरीत शेतकऱ्याचं नुकसान.

रिझाल यांनी ७ पेसो ४ रेआलला एक पिकुल, म्हणजे साधारण ६३ किलो, धागा इथे घेतला आणि मनिलात १० पेसो ४ रेआलला विकला. पिकुलमागे ३ पेसो नफा. गावातला हा व्यापार तोवर चिनी व्यापाऱ्यांच्या हातात होता. खरेदीदार एकच असला की भाव तोच ठरवतो. १ जानेवारी १८९५ला रिझाल यांनी दापितानच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली. माल सुधारायचा, बाहेरची बाजारपेठ शोधायची, खरेदीसाठी भांडवल उभं करायचं आणि दुकान काढून गरजेच्या वस्तू माफक दरात द्यायच्या. लिगाच्या कागदातलं दुकान, आठवतं ना? चिनी व्यापाऱ्यांबद्दलची अढीही त्यात होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. मासेमारीतही तेच धोरण. आपल्या जन्मगावाहून, कालाम्बाहून, मोठं ओढजाळं आणि ते वापरायला शिकवणारे दोन तरबेज कोळी पाठवा, असं त्यांनी मेव्हण्याला पत्र लिहिलं. नुसतं जाळं त्यांनी मागवलं नाही.

[समुद्र. लांब जाणारी बोट.]

१८९५च्या फेब्रुवारीत रिझाल यांच्या सहचरी जोसेफिन ब्रॅकन आल्या. त्यांचं बाळ जगलं नाही. जून १८९६मध्ये कातिपुनान या स्पेनविरोधी गुप्त संघटनेचे दूत बंडाचा बेत सांगायला आले. शस्त्रं नसताना उठाव करू नका, असं रिझाल यांनी बजावलं. ३१ जुलैला क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून काम करायला ते निघाले. किनाऱ्यावर गावचा बँड वाजत होता. स्पेनच्या वाटेवर अटक, मनिलात खटला, आणि तिथल्याच बागुम्बायन मैदानावर गोळ्या.

[पुन्हा डोंगर. नळमार्गाचं वळण.]

स्पेनची सत्ता गेली, अमेरिकन आले. कॅमेरॉन नावाचे त्यांचे एक इंजिनिअर दापितानची नळयोजना बघून गेले आणि त्यांनी तिची तारीफ लिहून ठेवली. वळणांचं कारण त्या लिखाणात मिळतं. रिझाल यांच्याकडे कठीण खडक फोडायला सुरुंगाची दारू नव्हती. बेड्या नसल्या तरी ते राजकीय कैदीच होते, दारू कोण देणार? मग जिथे खडक आडवा आला तिथे नळ वळला.