लेझरला फक्त काळा रंग दिसतो

नमस्कार, श्रोतेहो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली, आता आठ-दहा दिवसांत गुढीपाडवा. आपल्या इंदुरात ज्या मराठी घरांमध्ये तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं कार्य काढायचं ठरतंय आणि तिला हनुवटीवरच्या किंवा कल्ल्यांवरच्या राठ केसांसाठी लेझर करून घ्यायचं आहे, त्यांनी आत्ताच दिवस मोजायला घ्यावेत. चेहऱ्याला सहसा सहा ते आठ बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवडे जावे लागतात. पाडव्याला सुरुवात केली तर कार्तिक येतोच. लग्नाच्या महिनाभर आधी जाऊन हे काम होत नाही.

इतका वेळ का, तर लेझरला फक्त काळा रंग दिसतो. केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता मुळाशी पोचते. हे तत्त्व 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी मांडलं. पण सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि विश्रांती घेणाऱ्या केसाचं मूळ त्या दिवशी लेझरच्या हाती लागत नाही. ते पुढच्या फेरीत.

या एका गोष्टीवरून बाकीचं सगळं कळतं. पांढऱ्या केसांत रंगच नाही, म्हणून त्यांच्यावर लेझर चालत नाही. तिथे एकेका मुळात बारीक सुई घालून विजेच्या प्रवाहाने केलेलं इलेक्ट्रोलिसिस लागतं. ब्लीचने रंग जातो, म्हणून आधी ब्लीच करू नका. वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस मुळासकट निघतो आणि तापायला काही उरतच नाही, म्हणून हे सगळं चार ते सहा आठवडे आधीपासून बंद. तेवढे दिवस वस्तरा वापरा. वस्तऱ्याने केस दाट होतात ही समजूत चुकीची आहे. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. बैठकीच्या आदल्या दिवशी तर वस्तरा फिरवायलाच हवा. वर राहिलेला केस त्वचेवरच जळतो, त्याची काजळी यंत्राच्या काचेला चिकटते आणि प्रकाशाच्या पुढच्या प्रत्येक झटक्याला कातडी भाजते.

आता आपल्या रंगाचा प्रश्न. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतही तेच मेलॅनिन आहे. म्हणजे मूळ तापवायला सोडलेला प्रकाश वाटेत कातडीच खाऊन टाकू शकते. सुरुवातीची 694 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची रूबी यंत्रं गोऱ्या त्वचेलाच मानवत. आपल्याकडे 800 ते 810 नॅनोमीटरचा डायोड किंवा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग हे लेझरचे प्रकार वापरतात. त्यातला एनडी-याग खोल जातो आणि वरच्या थराला कमी तापवतो, म्हणून गडद त्वचेला तोच सर्वांत सुरक्षित. झटका किती लांब आहे हेही पाहतात. त्वचेचा वरचा थर साधारण 3 ते 10 मिलिसेकंदांत निवतो, राठ केसाचं मूळ त्याहून सावकाश. झटका लांबवला की कातडीला निवायला अवधी मिळतो. म्हणून क्लिनिकमध्ये दर विचारण्याआधी विचारा: यंत्र कोणतं, नॅनोमीटर किती, चालवणार कोण आणि डॉक्टर जागेवर असतील का? जबड्याच्या कडेला छोट्या जागी आधी चाचणी करून निदान दोन दिवस वाट पाहत नसतील, तर तिथून उठून या.

माळव्याच्या उन्हाने चेहरा काळवंडला असेल, तर रंग उतरेपर्यंत तारीख पुढे ढकला. रंगपंचमीचा पक्का रंग घासून काढलेल्या चेहऱ्यालाही दोन आठवडे विश्रांती द्या.

बैठकीत डोळ्यांवर झाकण हवंच. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेझर कधीच मारू देऊ नये. वरच्या ओठाला ओला गॉज ओठ आणि दातांच्या मध्ये ठेवतात, नाहीतर दातांत कळ जाते. रबरबँड चटकन बसावा तसं वाटतं. नंतर केसांभोवती लालसर फुगवटा येणं हे काम नीट झाल्याचं चिन्ह. कातडी पांढुरकी किंवा राखाडी पडली, तर ताबडतोब थांबवा. घरी फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी, आणि दोन दिवस वाफ, गरम पाणी, डाळीचं पीठ, लिंबू काही नको. फोड आला तर फोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढचे दोन-तीन आठवडे जळालेले केस वर सरकून गळतात. ते नवे उगवलेत असं समजून उपटू नका.

एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. काहींना जबड्याच्या कडेला आणि मानेवर, जिथे बारीक लव होती तिथे, लेझरनंतर राठ केस येतात. कमी शक्तीचा प्रकाश आसपासच्या लवेला जागं करतो असं मानलं जातं. दक्षिण आशियाई स्त्रियांत आणि हार्मोन बिघडलेले असताना हे अधिक दिसतं. म्हणून बारीक लवेवर लेझरचा हट्ट नको.

आणि मुळात केस का आले? पाळी अनियमित असेल, मुरमं असतील, वजन वाढत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन यांच्या बिघाडाची, तपासणी आधी: टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. औषध सुरू केलं तरी केसांवर फरक दिसायला सहाएक महिने लागतात. थोड्याच महिन्यांत झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, तर लेझर बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा. अंडाशयाची किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीची गाठ असू शकते. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावलेल्या स्टेरॉईडच्या मलमानेही चेहऱ्यावर केस वाढतात. ते मलम चालू असताना लेझर करणं म्हणजे पैसे पाण्यात. गरोदरपणात बैठका थांबवतात. ओठावर ताप उठत असेल, तर आधीच सांगा, त्यासाठी प्रतिबंधक गोळी देतात.

केस कायमचे जातात असं कोणी म्हटलं, तर अमेरिकेची औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था एफडीए या यंत्रांना "कायमची घट" एवढंच म्हणू देते हे लक्षात ठेवा. वर्षातून एक-दोन वेळा पुन्हा जावं लागेल. प्रत्येक बैठकीनंतर तारीख, यंत्र, नॅनोमीटर, शक्ती आणि झटक्याची लांबी वहीत लिहून आणा. लग्नानंतर मुलगी पुण्याला गेली किंवा बडोद्याला, तिथल्या डॉक्टरांना या आकड्यांवरून पुढचं काम सुरू करता येईल.