पाव मापाचं स्पिटफायर

(दृश्य: लांब टेबल. पूर्ण आकाराचा आराखडा पसरलेला, त्यावर टाचण्यांनी रोवलेल्या बाल्साच्या, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाच्या, पट्ट्या.)

५ मार्च १९३६. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टले विमानतळावरून एका नव्या लढाऊ विमानाचा पहिला नमुना हवेत झेपावला. त्याचे रचनाकार होते आर. जे. मिचेल. पुढे वीस हजारांहून जास्त स्पिटफायर विमानं बांधली गेली. कारखान्यातून बाहेर पडलेलं त्यातलं एकही मिचेल यांना पाहायला मिळालं नाही. जून १९३७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ते गेले.

या टेबलावर आकार घेतंय ते त्याच विमानाच्या पहिल्या प्रकाराचं, मार्क वनचं, १:४ मापाचं मॉडेल. पंखांची एकूण लांबी २.८ मीटर. हे काचेच्या कपाटात बसणार नाही. याला उडायचंय.

आणि खरी ओढाताण त्यातूनच सुरू होते. लाकूड, पत्रा, रंग, सगळं मापात आणता येतं. हवा मापात आणता येत नाही. लांबी पाव केली की पंखांचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा उरतं आणि वजन चौसष्टावा. उड्डाणाला सज्ज अशा मूळ विमानाचं वजन साधारण २,६०० किलो. त्या हिशोबानं मॉडेल ४० किलोंचं व्हायला हवं. पण लहान पंखावरून जाणारा हवेचा प्रवाह लवकर सुटतो, पंख लवकर हार मानतो. म्हणून बांधणारा वजन त्याच्या निम्म्याहूनही खाली ठेवायला झटतो. दिसायला हुबेहूब आणि आतून हलकं, या दोन मागण्या शेवटपर्यंत एकमेकींशी भांडत राहतात.

(दृश्य: पंखाच्या रिब्ज, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या फासळ्या, एकीशेजारी एक मांडलेल्या.)

स्पिटफायर लांबूनही ओळखू येतं ते त्याच्या लंबवर्तुळाकार पंखामुळे. बांधणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भागही हाच. सरळ निमुळता पंख असता तर दोन टोकांचे साचे कापून मधल्या रिब्ज एकत्र घासून काढता आल्या असत्या. इथे ती सोय नाही. कडेची वळणं सतत बदलतात, त्यामुळे प्रत्येक रिब वेगळी काढायची, वेगळी कापायची.

पण डोळ्यांना सहज दिसत नाही अशी एक गोष्ट या पंखात आहे, आणि माझ्या मते मॉडेल घडतं किंवा बिघडतं ते तिथेच. मूळ पंखाला पीळ आहे. धडापाशी तो दोन अंश वर रोखलेला, तर टोकाला अर्धा अंश खाली. त्यामुळे वेग फार कमी झाला की पंखाचा धडाजवळचा भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो. विमान थरथरतं आणि वैमानिकाला इशारा मिळतो. टोकं मात्र अजून शाबूत असतात. मॉडेलमध्ये हा पीळ हरवला तर लँडिंगच्या वेळी, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक टोक आधी कोसळतं आणि विमान उलटतं. म्हणून रिब्जखाली नेमक्या उंचीचे आधार ठेवून पंख बांधतात. वरचं आवरण चिकटलं की पीळ कायमचा बसतो. नंतर दुरुस्ती नाही.

पीळ टिकवायचा कसा, याचं उत्तर मूळ विमानातच आहे. त्याचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांचा होता. टोकाकडे जाताना आतली एकेक नळी संपत जायची, कारण तिथे भार कमी. स्पारच्या पुढचा भाग जाड पत्र्यानं मढवलेला. दोन्ही मिळून इंग्रजी डी अक्षरासारखी बंद पेटी, जी पिळवटायला फार कठीण. मॉडेलमध्ये नळ्यांऐवजी स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या आणि पत्र्याऐवजी बाल्सा, बाकी युक्ती जशीच्या तशी.

(दृश्य: उघडं नाक, आत दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन.)

मूळचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, सहाशे किलोंहून जड. मॉडेलचं इंजिन त्या मानानं फारच हलकं. त्यामुळे नाक उचललं जातं आणि शेपटी बसते. शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं मागतो. म्हणून शेपटीसाठी सगळ्यात हलका बाल्सा वेगळा काढून ठेवायचा. दुसरी अडचण उष्णतेची. मर्लिन द्रवानं थंड होई, त्याचा रेडिएटर पंखाखाली. त्यामुळे स्पिटफायरचं नाक समोरून बंद. मॉडेलच्या इंजिनाला मात्र वारा लागतो. तो खालच्या छोट्या झडपेतून आत घ्यायचा आणि मागे त्याहून मोठ्या वाटेनं बाहेर सोडायचा.

आता बाहेरचं रूप. मार्क वनच्या उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर, डाव्याखाली बारीकसा ऑइल कूलर. दोन्हीकडे सारखं बसवलं की जाणकार लगेच ओळखतो. रिवेटचंही, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचंही, तसंच. स्पिटफायरच्या चाचण्यांत सपाट रिवेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडवलं होतं! गोल डोक्याचे स्वस्त रिवेट नेमके कुठे चालतील, हे बनवणाऱ्यांना शोधायचं होतं. सगळीकडे डाळ लावली तेव्हा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरनं घटला. मग थोडी थोडी डाळ खरवडत उत्तर सापडलं: पंखांवर सपाट, धडाच्या मागच्या भागात गोल चालतील. म्हणून मॉडेलच्या पंखावर पितळी नळीच्या टोकानं नुसता गोल ठसा उमटवायचा आणि मागे पांढऱ्या डिंकाचा एकेक थेंब. हजारो थेंब. हा कंटाळवाणा भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिरप्या उन्हात ते धड पाहावं.

रंग गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, त्यात किंचित पांढरा मिसळून. लांबून पाहिलेला रंग फिकट दिसतो, आणि मॉडेल पाहायचं म्हणजे मूळ विमान लांबून पाहणंच.

(दृश्य: धावपट्टी. इंजिन सुरू.)

मूळ विमानाच्या चाकांमध्ये जेमतेम पावणेदोन मीटर अंतर. मॉडेलमध्ये ते ४३ सेंटिमीटर. एवढ्या अरुंद पायांवर थ्रॉटल हळूहळूच उघडायचा, नाक डावीकडे ओढ घेतं म्हणून उजवं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, देत राहायचं. शेपटी उचलली, चाकं सुटली, पाय बाहेरच्या बाजूला दुमडून पंखात गेले. पहिली फेरी फक्त ट्रिम, म्हणजे विमान आपसूक सरळ उडेल असा तोल, बसवण्यासाठी. मग पुरेशा उंचीवर वेग उतरवून पाहायचा: पंख कधी थरथरतो, आणि थरथरताना सरळ राहतो का? राहतो. उतरताना चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर ठेवायची.

खाली आल्यावर पंखांचे बोल्ट सोडून चाकांच्या बैठकीचं प्लायवुड बॅटरीच्या उजेडात तपासलं जातं. तडा नाही. टाकी पुन्हा भरली जाते.