हळद लाल होते ती सोड्याने, सोडियमने नव्हे

(कृष्णाकाठच्या एका गावात शेतकरी आणि दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपण सांगली भागातली माणसं, तेव्हा सुरुवात हळदीनेच करतो. टेबलावर कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या आहेत. हळद पाण्यात कालवून फासली आणि सावलीत वाळवली आहे. एका पेल्यात मिठाचं पाणी, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचं. पुढं बसलेल्या मुलींपैकी एकीने या. बुडव. मिठात पिवळी ती पिवळीच राहिली. आता सोड्यात. बघा, कुंकवासारखी लाल झाली. हळदीला चुना लावून घरोघरी कुंकू करायचे ते याच गुणावर. कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावला की लाल होतो, तोही याच कारणाने.

आता माझा प्रश्न. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही पेल्यांत सोडियम आहे. मग हळद एकाच पेल्यात का लाल झाली?

उत्तराआधी पाण्याकडे बघू. पाण्याचे रेणू आपापसात हायड्रोजनची देवाणघेवाण करत असतात. एकाने हायड्रोजन आयन, म्हणजे धन भार असलेला हायड्रोजनचा कण, दिला की त्याच्याकडे ऋण भाराचा हायड्रॉक्साइड आयन उरतो. शुद्ध पाण्यात, 25 अंश तापमानाला, साधारण 55 कोटी रेणूंमागे एकच असा फुटलेला सापडतो. इतका थोडा. हायड्रोजन आयन किती आहेत हे सांगणारा आकडा म्हणजे सामू, पीएच. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी तो वापरात आणला. सामू हलवायचा असेल तर पाण्यात पडलेल्या आयनाने एकतर पाण्याचा हायड्रोजन ओढून घ्यायला हवा, नाहीतर पाण्याला हायड्रोजन द्यायला हवा. तिसरा मार्ग म्हणजे पाण्यातला हायड्रॉक्साइड धरून ठेवायचा. यातलं काहीच न करणारा आयन सामूच्या दृष्टीने नुसता पाण्यात असतो.

क्लोराइड हा तसा आयन. त्याचं मूळ हायड्रोक्लोरिक आम्लात. ते आम्ल पाण्यात पडलं की क्लोराइडची हायड्रोजनवरची पकड जवळजवळ पूर्ण सुटते. आपल्याकडे म्हणतात तसं त्याने हायड्रोजनवर उदक सोडलेलं असतं. ज्याने स्वतःच्या आम्लातला हायड्रोजन धरून ठेवला नाही, तो पाण्याच्या रेणूतला, त्याहून कितीतरी घट्ट बसलेला हायड्रोजन कुठून ओढणार? सोडियमचंही तसंच. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की सोडियम आणि हायड्रॉक्साइड वेगळे होतात, सोडियम त्याला धरून बसत नाही. म्हणजे तीव्र आम्लातून आलेला ऋण आयन आणि तीव्र आम्लारीतून आलेला धन आयन हे दोघेही सामूला हात लावत नाहीत. पोटॅशियम, नायट्रेट याच रांगेतले. म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं खत, पाण्यात विरघळवलं तरी पाण्याचा सामू हलत नाही.

कार्बोनेटची गोष्ट निराळी. त्याचं मूळचं कार्बोनिक आम्ल सौम्य. हायड्रोजन सोडताना ते मागेपुढे करतं, आणि सुटल्यावरही कार्बोनेटचा जीव त्यातच अडकलेला असतो. पाण्यात पडल्यावर तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड राहतो. लिटरभर पाण्यात दहा-साडेदहा ग्रॅम कोरडा सोडा टाकला तर शंभरातले चारपाचच कार्बोनेट असं करतात. पण शुद्ध पाण्यात मुळात हायड्रॉक्साइड इतके थोडे की एवढ्यानेच ते सुमारे चाळीस हजार पट होतात. सामू साडेअकराच्या घरात जातो. हळद लाल केली ती या हायड्रॉक्साइडने.

आता तुरटी. हळद इथं उपयोगाची नाही, आम्लात ती पिवळीच राहते. म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून हा अर्क केला आहे. तुरटीच्या पाण्यात चार थेंब टाकतो. गुलाबी! म्हणजे आम्ल. तुरटीत हायड्रोजन देणारं आम्ल आपण टाकलेलंच नाही, मग हे आलं कुठून? तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धन भार असतात आणि आकार लहान. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट चिकटतात. तो त्यांच्यातले इलेक्ट्रॉन इतक्या जोराने आपल्याकडे ओढतो की त्या रेणूंचा हायड्रोजन सैल होतो आणि बाहेरच्या पाण्याकडे जातो. सोडियमभोवतीही पाणी जमतं, पण त्याच्यावर भार एकच आणि ओढ हलकी.

मुलांनो, इथं एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. मीठ सामू 7 करतं असं नव्हे, मीठ सामू आहे तिथं राहू देतं. लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ टाकता तेव्हा सरबत उदासीन होत नाही, आंबटच राहतं. मी शिकवत होतो तेव्हाचं सांगतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलाने मिठाच्या द्रावणाचा सामू 5.8 लिहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुण कापले, म्हणाले, सात यायला हवा. मुलाचा आकडा बरोबर होता. ऊर्ध्वपातित पाणी उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू साडेपाचाच्या थोडा वर येऊन थांबतो. मिठाने त्यात फारशी भर घातली नाही की घट केली नाही. त्याला आधी नुसत्या पाण्याचा सामू मोजायला मी सांगितलं नव्हतं, याची मला आजही चुटपुट आहे. (अगदी दाट मिठवणीत मीटरचा काटा थोडा सरकतो, कारण एवढ्या गर्दीत हायड्रोजन आयनांचं वागणं बदलतं. नेहमीच्या पातळ द्रावणात तो विचार करावा लागत नाही.)

उलट बाजूही आहे. अमोनियम ॲसिटेटचा सामू जवळजवळ 7 येतो, पण तिथं दोन्ही आयन कामात असतात. अमोनियम हायड्रोजन देतो, ॲसिटेट घेतो, आणि दोघांचं बळ सारखं म्हणून हिशेब जुळतो. सात आकडा दिसला म्हणून आयन स्वस्थ बसलेत असं धरू नका.

आणि आता मी ज्यासाठी आलो ते. तुमच्यापैकी अनेकांची उसाची रानं बिघडली आहेत. काहींची खारवट, काहींची चोपण. दोन्हीत सोडियम सापडतो, म्हणून दोन्हींना एकच औषध मागितलं जातं. खारवट रानात क्षार मुख्यतः क्लोराइड-सल्फेटचे. वर क्षारांचा पांढरा थर धरतो, विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार किती हे सांगणारं माप, 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते, पण सामू साडेआठच्या आत असतो, कारण हे आयन सामूला हात लावत नाहीत. तिथं निचरा काढून गोड्या पाण्याने क्षार धुतले की रान सुधारतं. चोपण रानात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला आणि पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट. सामू साडेआठच्या वर, कधी नऊच्याही पुढे. वाळली की दगड, भिजली की चिकट लगदा, पाणी मुरत नाही. मातीची घडण मोडण्याचा दोष सोडियमचाच, तो मी त्याच्या माथ्यावरून काढत नाही. पण सामू चढवला तो कार्बोनेटने.

अशा रानात जिप्सम का घालतात बघा. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेटला धरून चुनखडीच्या रूपात खाली बसवतं आणि मातीच्या कणांवरचा सोडियम हटवून त्याची जागा घेतं. पाण्यात उरतो सोडियम आणि सल्फेट, म्हणजे सामूला न हलवणारे दोघे. सामू उतरतो. पण हे दोघे अजून रानातच असतात. त्यांना वाट नसेल तर चोपण रान खारवट होईल, एवढंच. म्हणून चर आधी खणा, जिप्सम नंतर विस्कटा, मग पाणी सोडा.

ज्यांनी मातीच्या पुड्या आणल्या आहेत त्यांनी आता पुढं यावं. एक भाग माती, अडीच भाग पाणी, असं ढवळून ठेवू. मीटर इथंच आहे. आणि हो, आधी नुसत्या पाण्याचा सामू मोजून फळ्यावर लिहू.