दोरीमागची गर्दी आणि थांबलेला सामना: वर्ल्ड सिरीजचे नियम कसे घडले

[दृश्य: 1903 चा कृष्णधवल फोटो. मैदानातच उभी असलेली टोप्या घातलेली गर्दी.]

ऑक्टोबर 1903. अमेरिकन बेसबॉलच्या दोन लीगचे विजेते आमनेसामने आले आहेत, बॉस्टन आणि पिट्सबर्ग. स्टँड भरून वाहतायत. उरलेले हजारो लोक थेट आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, उभे केलेत आणि त्यांच्यापुढे फक्त एक दोरी ताणली आहे. चेंडू या गर्दीत शिरला तर काय करायचं? पिट्सबर्गच्या मैदानावर ठरलं की बॅटरला तीन बेस द्यायचे. बेस म्हणजे मैदानावरचे टप्पे; तीन बेस ओलांडून चौथ्या, म्हणजे होमवर, पोचलं की एक धाव. एरवी तीन बेसचा फटका हा बेसबॉलमधला दुर्मीळ ऐवज. या एका मालिकेत असे 25 फटके नोंदले गेले, त्यातले 16 बॉस्टनचे. आकडे पुस्तकात आहेत, पण त्यातले कितीतरी त्या दोरीने दिलेले आहेत.

दोन लीगच्या विजेत्यांमधली ही मालिका म्हणजे वर्ल्ड सिरीज. तिचा इतिहास विजेत्यांच्या यादीतून समजत नाही. तो समजतो नियमांतून, कारण त्यातले बहुतेक नियम आधी काहीतरी बिघडल्यावर लिहिले गेले.

[दृश्य: पिचरच्या हाताचं क्लोजअप.]

1903 ची मालिका नऊ सामन्यांची होती. आधी पाच जिंकेल तो विजेता. पिट्सबर्गचा संघ ताकदीचा, पण त्यांच्या पिचरपैकी (चेंडू फेकणाऱ्यांपैकी) सॅम लीव्हर खांदा दुखावून बसलेला आणि एड डोहेनी मानसिक आजारामुळे संघाबाहेर. भार पडला डीकन फिलिपीवर. त्याने तेरा दिवसांत पाच सामने टाकले, पाचही पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत. एकूण 44 इनिंग; एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि सामना साधारण नऊ इनिंगचा असतो. पहिले तीन त्याने जिंकून दिले, शेवटचे दोन हरला. हात खांद्यावरून फिरवून केलेल्या फेकीत प्रत्येक चेंडूचा झटका खांदा आणि कोपर खातात, आणि ती झीज भरून यायला दिवस लागतात. आजचा संघ एका पिचरकडून हे करून घेण्याचा विचारही करणार नाही. बॉस्टनने मालिका 5–3 अशी जिंकली.

ही मालिका कुठल्या लीगने भरवली नव्हती. पिट्सबर्गचे मालक बार्नी ड्रायफस आणि बॉस्टनचे हेन्री किलिली या दोघांमधला तो करार होता. त्याआधी 1884 ते 1890 या काळातही नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशनच्या विजेत्यांमध्ये सामने होत. पण किती सामने, हे दर वर्षी मालक ठरवत. 1884 मध्ये तीनच झाले. 1887 मध्ये डेट्रॉइट आणि सेंट लुइस शहराशहरांतून फिरत पंधरा सामने खेळले. डेट्रॉइटने 10–5 असे जिंकले. 1890 ची मालिका तर 3–3 अशी बरोबरीतच सोडून दिली.

मर्जीवर चाललेली गोष्ट मर्जीनेच बंद पडते. 1904 मध्ये नॅशनल लीग जिंकणाऱ्या न्यूयॉर्क जायंट्सचे मालक जॉन ब्रश आणि मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी नव्या अमेरिकन लीगच्या विजेत्याशी खेळायला साफ नकार दिला. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. टीका एवढी झाली की याच ब्रश यांनी पुढच्या हंगामासाठी नियमावली तयार केली. मालिका सात सामन्यांची, आणि दोन्ही विजेत्यांनी खेळणं बंधनकारक.

त्यातलं एक कलम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिकिटांच्या गल्ल्यात खेळाडूंना वाटा मिळेल, पण फक्त पहिल्या चार सामन्यांचा. असं का? सात सामन्यांची मालिका निदान चार सामने चालणारच. पाचव्या, सहाव्या, सातव्या सामन्याचे पैसे खेळाडूंना मिळणार नसतील, तर मुद्दाम हरून मालिका लांबवण्यात त्यांना काहीच फायदा नाही. मोहाचं मूळच कापलं.

[दृश्य: 1919 चा शिकागो व्हाइट सॉक्सचा संघ.]

मोह मात्र दुसऱ्या दाराने आला. 1919 मध्ये जास्त कमाईसाठी मालिका पुन्हा नऊ सामन्यांची केली होती. शिकागो व्हाइट सॉक्ससमोर सिनसिनाटी रेड्स. सट्टेबाजांनी शिकागोच्या खेळाडूंना गाठलं, आणि त्यात दोन मुख्य पिचर होते, एडी सिकॉट आणि लेफ्टी विल्यम्स. बेसबॉलमध्ये सामना विकायचा तर पिचर हवाच, कारण प्रत्येक चेंडूची सुरुवात त्याच्या हातून होते.

पहिल्या सामन्यात सिकॉटने सिनसिनाटीच्या पहिल्याच बॅटरच्या पाठीवर चेंडू मारला. सौदा पक्का झाल्याची ती खूण होती. शिकागो 9–1 ने हरलं. दुसरा सामना आणखी बारकाईने बघण्यासारखा आहे. विल्यम्स हा अचूक फेकीसाठी नावाजलेला पिचर. त्या दिवशी त्याने सहा बॅटरना वॉक दिला, त्यातले तिघे एकट्या चौथ्या इनिंगमध्ये. चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. सिनसिनाटीने फटके मारले चारच आणि धावाही काढल्या चार. शिकागोचे फटके दहा, धावा दोन. चौथ्या सामन्यात सिकॉटने एकाच इनिंगमध्ये दोन चुका केल्या. एकदा पहिल्या बेसकडे वेडीवाकडी फेक. मग आउटफिल्डमधून होमकडे येणारा थ्रो मध्येच हात घालून वळवला. सामना 2–0 ने गेला. सिनसिनाटीने मालिका 5–3 अशी घेतली.

सुटे सुटे पाहिले तर हे सगळे साधे अपयशाचे क्षण वाटतात. कुठलाही पंच यावर बोट ठेवू शकत नाही, म्हणूनच हा गुन्हा मैदानावर पकडणं इतकं अवघड होतं. ऑगस्ट 1921 मध्ये ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे पहिले कमिशनर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी या प्रकरणातल्या आठही खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. त्यातल्या बक वीव्हरने पैसे घेतले नव्हते, मालिकेत .324 च्या, म्हणजे उत्तम सरासरीने फटकेबाजी केली होती. कट ठाऊक असून तो गप्प राहिला, हा त्याचा दोष. त्याला मिळालेली शिक्षा इतरांइतकीच असावी, हे आम्हाला आजही पटत नाही. 1922 पासून मालिका पुन्हा सात सामन्यांची झाली, ती कायमची.

[दृश्य: मावळतीचं ऊन, रिकामं होणारं स्टेडियम.]

त्या काळात मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे अंधार पडला की खेळ संपला. 1907 आणि 1912 मध्ये असे सामने बरोबरीत सुटले. 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर दहा इनिंगनंतर 3–3 असताना पंचांनी सामना थांबवला, तेव्हा चांगला उजेड होता. लोक चिडले. एक जादा सामना विकायचा हा डाव आहे, अशी शंका उघड बोलली गेली. लँडिस यांनी त्या दिवसाची 1,20,000 डॉलरहून जास्त मिळकत धर्मादाय संस्थांना देऊन टाकली. दिव्यांखालचा पहिला वर्ल्ड सिरीज सामना व्हायला 13 ऑक्टोबर 1971 उजाडावा लागला, तोही पिट्सबर्गमध्ये.

प्रवासानेही मालिकेला आकार दिला. दोन सामने एका शहरात, तीन दुसऱ्या, मग उरलेले दोन पुन्हा पहिल्या, ही मांडणी 1920 च्या दशकात रुळली. तीत शहर दोनदाच बदलावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेप्रवासावर मर्यादा आल्या, म्हणून 1943 आणि 1945 मध्ये तीन सामने एकीकडे, उरलेले दुसरीकडे असं केलं.

1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिसरा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना, 17 ऑक्टोबरला संध्याकाळी 5 वाजून 4 मिनिटांनी 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. मालिका दहा दिवस थांबली. 1994 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ती रद्दच झाली. दोन महायुद्धांत जे घडलं नव्हतं, ते पैशाच्या वादाने घडवलं.

[दृश्य: स्टेडियमच्या दिव्यांसमोर तिरका पाऊस. होम प्लेटभोवती साचलेलं पाणी.]

आता पाऊस. क्रिकेट बघणाऱ्याला पावसाचा नियम समजावून सांगायला नको. बेसबॉलमध्ये धावांचं लक्ष्य बदलत नाही. तिथला साधा नियम असा की पाच इनिंग झाल्या असतील आणि खेळ पुढे नेणं अशक्य असेल, तर तेव्हा पुढे असलेला संघ जिंकला.

27 ऑक्टोबर 2008, सोमवार. टँपा बेविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फिया 3–1 ने पुढे, पाचव्या सामन्यात 2–1 ने पुढे, आणि पाच इनिंग पूर्ण. पाऊस इतका की पिचरची चेंडूवर पकड राहत नव्हती आणि बेसमधल्या मातीचा चिखल झाला होता. तिथेच थांबले असते तर कागदोपत्री जेतेपद फिलाडेल्फियाचं. कमिशनर बड सीलिग यांनी आधीच ठरवलं होतं की वर्ल्ड सिरीज अशी संपू द्यायची नाही. सहाव्या इनिंगमध्ये टँपा बेच्या बी. जे. अप्टनने त्या चिखलातून दुसरा बेस चोरला (कुणाचा फटका नसताना धावून गाठला), कार्लोस पेन्याच्या फटक्यावर तो होमला पोचला, 2–2. मग खेळ थांबवला. पुढच्या हंगामापासून नियमच झाला की हंगामोत्तर सामना पावसाने थांबला तर तो तिथूनच पुढे सुरू होईल आणि पूर्ण खेळला जाईल.

[दृश्य: बुधवारची संध्याकाळ. कोरडं मैदान, जाकिटं घातलेले प्रेक्षक.]

29 ऑक्टोबर, बुधवार. सामना सहाव्या इनिंगच्या मधोमध सुरू होतो. फिलाडेल्फियाचा पहिला बॅटर यायला हवा कोल हॅमल्स, म्हणजे त्यांचा पिचर, कारण नॅशनल लीगच्या मैदानावर तेव्हा पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे. पण दोन दिवस गेल्यावर हॅमल्सला परत पिचिंगला आणायचं नव्हतंच. त्याच्या जागी येतो जेफ जेन्किन्स. तो दोन बेसचा फटका मारतो. पुढचा बॅटर बंट करून, म्हणजे चेंडू हळूच जवळ टेकवून, त्याला तिसऱ्या बेसवर सरकवतो. जेसन वर्थच्या फटक्यावर जेन्किन्स होमला. 3–2. सातव्या इनिंगमध्ये टँपाचा रोको बाल्डेली होमरनने (एका फटक्यात सगळे बेस पूर्ण करून) बरोबरी साधतो. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात पेड्रो फेलिस फिलाडेल्फियाला 4–3 असं पुढे नेतो.

नववी इनिंग, दोन बाद, दुसऱ्या बेसवर टँपाचा रनर. फिलाडेल्फियाचा पिचर ब्रॅड लिजचा स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, खाली पडतो, टँपाच्या एरिक हिन्स्कीची बॅट त्याच्या वरून फिरते, तिसरा बाद, जेतेपद फिलाडेल्फियाचं, आणि लिज गुडघ्यांवर बसतो. सोमवारी सुरू झालेला सामना बुधवारी रात्री संपलेला असतो.