वॉशर, घासलेट आणि दक्षिण ध्रुव

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ध्रुवीय मोहिमांचा इतिहास’. दारातच एका आजोबांनी विचारलं, “कीर्तन किती वाजता?” त्यांना वाटलं, ध्रुवबाळाचं आख्यान आहे. त्यांना बसवून घेतलंय. अढळपद मिळवायला निघालेली माणसं आपल्याही गोष्टीत आहेतच.

नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ला दक्षिण ध्रुवावर पोचला, इंग्रज स्कॉट १७ जानेवारी १९१२ला. अमुंडसेनचे पाचही जण सुखरूप परतले, स्कॉटचे पाचही जण वाटेत गेले. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. का गेले, यावर गाड्या ओढायला कुत्री की घोडे, हवामान, नशीब असा वाद शंभर वर्षं चाललाय. मला मात्र वॉशरबद्दल, म्हणजे डब्याच्या झाकणातल्या चकतीबद्दल बोलायचंय.

इथे पंपाचा स्टो पेटवलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, सगळे पांढऱ्या केसांचे! त्या पंपाच्या दांड्याला चामड्याची वाटी असायची. ती सुकली की कितीही पंप मारा, हवा भरत नसे. मग आई खोबरेल तेलाचं बोट लावायची. चामडं सुकलं की आक्रसतं, हे आमच्या घरात चौथीतल्या मुलालाही कळत होतं.

माझी मावशी उमरेडला. एका उन्हाळ्यात नागपूरहून तिच्यासाठी पाच लिटर घासलेट घेऊन मी एसटीत बसलो. डब्याला फिरकीचं झाकण, आत चामड्याची चकती. डबा आडवा झाला नाही, सांडला नाही. पण शेजारी आईने दिलेल्या कुरडयांची पिशवी होती. मावशीने त्या तळल्या, काकांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, “काडी लावू नका, घर पेटेल.” तो डबा भरलेलाच दिसत होता, पण मापलं तर पाऊण लिटर कमी. मी दोन महिने चोर ठरलो. वाटेत विकलं म्हणे! अजूनही कुणी माफी मागितलेली नाही.

आता स्कॉटकडे या. त्याचे घासलेटचे डबे बर्फात खुणेसाठी रचलेल्या ढिगाऱ्यांवर ठेवलेले. परतताना, जाताना वाटेत ठेवलेला एकेक साठा उघडला, तर तेल ठरल्यापेक्षा कमी. झाकणातली चामड्याची चकती थंडीने कडक झालेली. वर ऊन लागलं की तेलाची वाफ होऊन निसटायची. मरताना लिहिलेल्या संदेशातही तो या तुटवड्याचा उल्लेख करतो, कारण उमगत नाही म्हणतो. आणि तेल म्हणजे तिथे नुसता स्वयंपाक नाही हो. चहूकडे बर्फ, पण प्यायचा तर वितळवायला हवा. स्टो विझला की पाणीही संपलं.

माझा राग पुढे आहे. १९०१ ते ०४च्या पहिल्या मोहिमेत त्याच्या डब्यांना बुचं होती. त्यातून तेल झिरपतं, वाया जातं, हे त्यानेच त्या मोहिमेच्या पुस्तकात लिहून ठेवलंय! उपाय काय केला, तर बुचाच्या जागी चामडं. अमुंडसेनने? कथलाचा डाग देऊन डबे सरळ बंद. आपल्या गल्लीतल्या कल्हईवाल्याने दोन रुपयांत केलं असतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. नान्सेन आणि शॅकल्टन या दोन ध्रुवप्रवाशांबद्दल सांगायचं राहिलंच. शॅकल्टन १९०९मध्ये ध्रुव १८० किलोमीटरवर असताना मागे फिरला. मला वाटतं, ते सगळ्यात मोठं धाडस. पण जाऊ द्या.

मुख्य मुद्दा, जो मी खरं तर आधी मांडणार होतो: ध्रुव गाठला जातो साठ्यांच्या जोरावर. अमुंडसेनने साठ्याच्या दोन्ही बाजूंना आडवी झेंड्यांची रांग लावली, प्रत्येकावर क्रमांक. वाट चुकली तरी झेंडा सांगणार, साठा किती लांब आणि कुठल्या हाताला. झेंडे संपले तेव्हा त्याने खुणेला सुके मासे रोवले. हसू नका, कोकणातल्या माणसाला हे लगेच पटेल. स्कॉटने मोठा साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचं ठरवलं होतं. घोडी थकली म्हणून अलीकडेच, ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवला. घोडी सांभाळणारा त्याचा सोबती ओट्स म्हणत होता, घोडी मरू देत, पुढे चला. ऐकलं नाही. शेवटचा तंबू त्या साठ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर सापडला. ठरलेल्या जागी असता, तर साठा आधीच लागला असता.

एकच मिनिट. त्या तंबूपाशी जवळजवळ सोळा किलो दगड होते. पाय बधिर झालेल्या माणसांनी ते शेवटपर्यंत ओढत आणले. त्यात ग्लॉसोप्टेरिस या जुन्या झाडाच्या पानांचे ठसे होते. हेच पान आपल्या कामठीच्या खडकातही सापडतं. अंटार्क्टिका आणि विदर्भ कधीकाळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडात होते, म्हणून. त्या भूखंडाचं नावही आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

माझ्याकडचा अशा दगडाचा एक तुकडा दारापाशी टेबलावर ठेवलाय. जाताना जरूर बघा, हात लावा, पण जागेवर ठेवा. मागच्या व्याख्यानात एक गेला.