पांढरं दिसलं म्हणून बुरशी?

(दृश्य: टँकमधल्या काळ्या मॉली माशाचं तोंड, अगदी जवळून)

या मॉलीच्या ओठांवर पांढरट थर चढलाय. असा फोटो घेऊन दुकानात गेलात, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "फंगस लागलंय, ही बाटली न्या." बाटली कधी निळी, कधी पिवळी. मासा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पडलेला सापडतो.

गरम पाण्याच्या टँकमध्ये तोंडावर किंवा पाठीवर असा थर दिसला, तर पहिला संशय घ्यायचा तो एका जिवाणूचा, फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नारेचा. रोगाचं नाव कॉलम्नारिस. हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. शंभर वर्षं उलटली, तरी आपण त्याला फंगसच म्हणतोय.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात दोन मासे, शेजारी शेजारी)

टॉर्च घ्या आणि माशाला बाजूने पाहा. डावीकडच्या गोल्डफिशच्या अंगावर लांब, मोकळे धागे आहेत. पाण्याच्या हालचालीबरोबर ते डुलतात. ही सॅप्रोलेग्निया. जीवशास्त्राच्या हिशेबाने तीही बुरशी नाही, तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातली आहे. पण त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. ती सहसा जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवते आणि तिला थंड पाणी मानवतं. जाळीने खवला निघाला, दुसऱ्या माशाने चावा घेतला, की तिला जागा मिळते.

उजवीकडच्या मॉलीवर धागे वेगळे दिसतच नाहीत. आखूड, चपटा, राखाडी-पांढरा थर. कडेला कधी पिवळसर झाक. हाच थर पाठीवरच्या पराखाली दोन्ही बाजूंना उतरला, की माशावर खोगीर घातल्यासारखं दिसतं. शेपटी आणि पर कडेपासून झडत जातात. मायक्रोस्कोप असेल तर शंका उरत नाही: लांबट, बारीक जिवाणू सरपटताना दिसतात आणि काही मिनिटांत एकमेकांवर रचून त्यांचे ढीग होतात.

मायक्रोस्कोप नसेल तर घड्याळ पाहा. सॅप्रोलेग्निया पसरायला काही दिवस घेते. कॉलम्नारिसचा जोर असेल तर एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. रोग कल्ल्यांत शिरला तर बाहेर काहीच दिसत नाही. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आणि मरतो.

(दृश्य: कुर्ल्याच्या बाजारात ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या)

मुंबईत कुर्ल्याला येणारे बरेच मासे कोलकाता आणि चेन्नईकडून येतात. पिशवीत दाटी, साठत जाणारा अमोनिया, अंगावरचा चिकट थर खरवडलेला. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात टँकचं पाणी ३० अंशांवर जातं. या जिवाणूला याहून चांगलं हवामान सापडणार नाही.

आणि अशा वेळी आपण हीटर वाढवतो! व्हाइट स्पॉट या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तो उपाय चालतो, म्हणून सगळ्याच रोगांवर वापरला जातो. इथे तो थेट जिवाणूच्या पथ्यावर पडतो. हीटर बंद करा, झाकण काढा, पाण्यावर पंखा सोडा. दोन-तीन अंश उतरले तरी वेळ मिळतो, पण उतरवायचे हळूहळू.

आजारी मासा वेगळ्या टबमध्ये घ्या, एअर पंप जोरात ठेवा. मूळ टँकचं एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढूनच. टबमध्ये लिटरला १ ते ३ ग्रॅम जाडं मीठ, आधी विरघळवून, थोडं थोडं. एवढ्या मिठानेही जिवाणूची माशाला चिकटण्याची ताकद घटते. कॉरिडोरास, लोच या माशांच्या बाबतीत कमीकडेच राहा. त्यांना मीठ फारसं सोसत नाही.

जोर जास्त असेल तर अँटिबायोटिक लागतं, आणि ते माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारूनच. मेडिकलमधली कॅप्सूल अंदाजाने टँकमध्ये फोडणं हा निव्वळ आततायीपणा आहे. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले, की अमोनिया चढतो. शिवाय ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं आणि माशापर्यंत पुरेसं पोचत नाही. घरी बोअरवेलचं पाणी असेल तर हे पशुवैद्याला आवर्जून सांगा.

मिथिलिन ब्लू हे निळं औषध सॅप्रोलेग्नियासाठी ठेवा, तेही टबमध्येच. मूळ टँकमध्ये ओतलंत तर फिल्टर बिघडतो आणि काचांचे सांधे कायमचे निळे होतात.

आजारी माशाची जाळी दुसऱ्या टँकमध्ये बुडवू नका. उन्हात खडखडीत वाळवा. नवा मासा निदान दोन आठवडे वेगळा ठेवा.

(दृश्य: पराच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ असलेला मासा)

हा मात्र तिसराच प्रकार. गाठ टणक, वाढ संथ, मासा मजेत खातोय. हा लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. यावर औषध नाही. पाणी स्वच्छ ठेवलं, दाटी कमी केली, तर गाठी बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळतात. या माशासाठी दुकानातून काहीही आणू नका.